दक्षिणा, पारितोषिक, अनुदान : मराठी मानव्यविद्यांच्या द्रव्यसाहाय्याचा इतिहास

मराठी वाङ्मयाचे इतिहास ग्रंथकर्त्यांचे असतात, ग्रंथांचे असतात, फार तर नियतकालिकांचे आणि मुद्रणालयांचे असतात. ग्रंथ लिहिला जात असताना लेखकाच्या घरची चूल कोणाच्या पैशावर पेटत होती, हा प्रश्न त्यांत आलाच तर तळटीपेत येतो. अभ्यासकाने पैशाविषयी बोलू नये असा एक संकेत आपल्याकडे आहे आणि तो पाळणारे बहुधा पगारदार असतात. प्रस्तुत निबंधात ही तळटीप वर घेण्याचा प्रयत्न केला आहे. विद्यापीठांतील मानव्यविद्यांच्या संशोधनास व अध्यापनास मिळणारे अनुदान ही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नवी व्यवस्था आहे असे सामान्यतः मानले जाते. मराठीपुरते पाहिल्यास तिचा धागा अठराव्या शतकापर्यंत अखंड मागे नेता येतो. त्या धाग्याला पडलेल्या गाठी आजच्या अर्जपत्रकांतही हाताला लागतात.

ज्या ठिकाणी बसून हे लिहीत आहे ते पद्मनाभपुर दुर्ग आणि भिलाई यांच्या सांध्यावर आहे. पोलादाच्या कारखान्यामुळे भारतभरची माणसे येथे आली, त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही पुष्कळ. येथे मराठी घरात बोलली जाते, शाळेत जवळजवळ नाही, आणि संशोधनाच्या कोणत्याही अर्थसंकल्पी शीर्षाखाली ती सहजी बसत नाही. या शेवटच्या गोष्टीकडे पुढे यावयाचे आहे. आरंभ पुण्यापासून करणे भाग आहे.

तळेगावचे सेनापती खंडेराव दाभाडे यांनी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा प्रघात पाडला. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यानंतर पेशव्यांनी हा प्रघात पुण्यास आपल्या हाती घेतला. पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात होणाऱ्या या वाटपाची वर्णने प्रसिद्ध आहेत. दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण येत, ज्यांची विद्वत्ता मान्य असे त्यांचा सत्कार वेगळा होई, उरलेल्या समुदायास सरसकट रक्कम मिळे. या व्यवस्थेकडे आज केवळ धर्मदाय म्हणून पाहिले जाते. ते अपुरे आहे. विद्येची परीक्षा, परीक्षेनुसार रक्कम, आणि रकमेमुळे निर्माण होणारी विद्येची बाजारपेठ ही तिन्ही अंगे तिच्यात होती. अमुक शास्त्राला पुण्यात मान आहे हे कळले की ते शास्त्र काशीत आणि कर्नाटकातही अधिक पढले जाणार, हे उघडच आहे. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. दक्षिणा व्यक्तीस मिळे, कामास नव्हे. तिच्या बदल्यात ग्रंथ लिहून द्यावा अशी अपेक्षा नसे. आणि ती एकाच वर्णास मिळे. पैसा मात्र सर्व वर्णांच्या शेतसाऱ्यातून येई.

१८१८ नंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनपुढे प्रश्न पडला तो राजकीय होता. दक्षिणा एकदम बंद करावी तर पुण्यातील वजनदार वर्ग दुखावतो, चालू ठेवावी तर कंपनीच्या हिशेबात तिचे समर्थन करता येत नाही. त्याने रक्कम वर्षाला पन्नास हजार रुपयांवर आणली आणि तिचा काही भाग शिक्षणाकडे वळवण्याचा मार्ग काढला. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्याच्या विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली गेली, ती या निधीतून. कमिशनर चॅप्लिनच्या कारकिर्दीत झालेली ही घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने निर्णायक आहे. व्यक्तीला मिळणारे दान संस्थेला मिळणारे अनुदान झाले, त्याचा हा क्षण होय. पुढे पूना कॉलेज आणि त्यातून डेक्कन कॉलेज अशी या पाठशाळेची परंपरा सांगितली जाते. तेव्हा पश्चिम भारतातील एक प्रमुख मानव्यविद्या-संस्था श्रावणातल्या दक्षिणेतून उगवली आहे, हे विधान अलंकारिक नाही, हिशेबाच्या वहीतले आहे.

१८३० नंतरच्या दशकात नवीन नावे दाखल न करण्याचे धोरण आले. जुने दक्षिणापात्र ब्राह्मण हयात असेपर्यंत त्यांची नेमणूक चालेल, मात्र एकेक नाव गळेल तसतशी रक्कम शिल्लक पडत जाईल, अशी ती योजना. या शिलकीवरून १८४९ साली पुण्यात जो वाद पेटला त्याला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अधिक जागा मिळावयास हवी होती. लोकहितवादी आणि त्यांच्याबरोबरच्या तरुण सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला : शिल्लक पैसा मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस द्यावा, आणि तो जातिनिरपेक्ष द्यावा. सनातनी पक्ष खवळला. अर्जदारांना मारहाण होईल अशी हवा होती. त्या वेळी जोतीराव फुले यांनी महार-मांग समाजातील सुमारे दोनशे माणसे घेऊन अर्जदारांचे रक्षण केले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. एका संशोधन-निधीच्या अर्जासाठी अंगरक्षक लागावेत, असे उदाहरण इतर भाषांच्या इतिहासात असल्यास तौलनिक अभ्यासकांनी ते अवश्य दाखवावे.

या चळवळीचे फळ म्हणजे १८५१ च्या सुमारास स्थापन झालेली दक्षिणा प्राइझ कमिटी. मराठीत गद्यग्रंथ लिहिणाऱ्यांस, विशेषतः इंग्रजी व संस्कृतातून भाषांतर करणाऱ्यांस, ती पारितोषिके देई. अव्वल इंग्रजीतील मराठी गद्य हे भाषांतराचे गद्य आहे असे आपण म्हणतो आणि त्याचे कारण लेखकांच्या प्रतिभेच्या अभावात किंवा परसत्तेच्या दडपणात शोधतो. मला यात कमिटीच्या कार्यपद्धतीचाही वाटा दिसतो. परीक्षकाला स्वतंत्र ग्रंथाची योग्यता ठरवणे अवघड असते. भाषांतराची ठरवणे सोपे. मूळ समोर असते, ताडून पाहता येते, आणि मूळ ग्रंथाला विलायतेत किंवा काशीत मान असल्यास निर्णयाची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. पारितोषिक देणाऱ्या समितीला धोका नको असतो. त्यामुळे ज्या वाङ्मयप्रकारात धोका कमी तो वाढीस लागतो. वाङ्मयीन अभिरुचीचा इतिहास लिहिताना ही साधी प्रशासकीय गोष्ट विसरून चालत नाही.

आणि याच कमिटीपुढे १८५५ साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक आले. शेतकरी दांपत्याला धर्माच्या नावाने नागवणारा जोशी आणि शिक्षणाचे महत्त्व हा त्याचा विषय. सहा वर्षांपूर्वी ज्याने या निधीसाठी माणसे उभी केली त्याच फुल्यांचे हे नाटक कमिटीने नाकारले. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त फुल्यांनी हा प्रसंग स्वतः सांगितला आहे. ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असा त्यांच्या कथनाचा आशय आहे. नाटक हस्तलिखितात राहिले. ते छापून वाचकांपुढे आले १९७९ साली, ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात. दरम्यान १२४ वर्षे गेली होती.

या १२४ वर्षांचा हिशेब कसा मांडावयाचा? नाटकाच्या इतिहासकारांनी मराठी नाटकाचा आरंभ सांगलीच्या विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या प्रयोगापासून धरला, मग पौराणिक नाटक, मग भाषांतरित नाटक, मग संगीत नाटक अशी साखळी ओवली. ‘तृतीय रत्न’ त्या साखळीत नव्हते, कारण ते उपलब्धच नव्हते. समकालीन समाजातील शोषण हाच विषय असलेले गद्य नाटक १८५५ साली मराठीत लिहिले गेले होते, ही गोष्ट ज्ञात असती तर पुढच्या नाटककारांनी काय केले असते हे सांगता येणार नाही, आणि तसल्या अंदाजांना इतिहासात जागाही नाही. परंतु अनुदान नाकारणे म्हणजे केवळ एका लेखकाची निराशा नसते, परंपरेतला एक दुवा गहाळ होणे असते, एवढे तरी हे उदाहरण निश्चितपणे दाखवते. फुल्यांना ही गोष्ट पैशाच्या उगमापर्यंत दिसली होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी रयतेच्या करातून गोळा होणारा पैसा उच्च वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हीच तक्रार मांडली. तिचा रोख रमण्यावरही जातो आणि कॉलेजवरही.

न्यायाने पाहता कमिटीची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. दक्षिणा निधीचा आणखी एक फाटा म्हणजे दक्षिणा फेलोशिप. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि महादेव गोविंद रानडे हे दोघेही दक्षिणा फेलो होते. पदवी मिळाल्यानंतर थोडे अध्यापन करावे आणि उरलेल्या वेळी अभ्यास करावा, यासाठी दरमहा विद्यावेतन. यात कोणताही ग्रंथ तयार करून देण्याची अट नव्हती, विषय आधी मंजूर करून घ्यावयाचा नव्हता. पारितोषिक झालेल्या कामास मिळते. फेलोशिप न झालेल्या कामासाठी वेळ देते. एकाच निधीच्या या दोन शाखांची फळे शेजारी ठेवून पाहावीत. पारितोषिकप्राप्त ग्रंथांपैकी फारच थोडे आज कोणी उघडतो. फेलोंपैकी एकाने १८७७ साली विल्सन भाषाशास्त्रीय व्याख्याने देऊन भारतीय आर्यभाषांच्या ऐतिहासिक अभ्यासाची पायाभरणी केली. दुसऱ्याने १८९८ साली मराठी ग्रंथसंपदेच्या वाढीचा आढावा लिहिला आणि मुंबई विद्यापीठाच्या उच्च परीक्षांत मराठीला पुन्हा स्थान मिळावे म्हणून अखेरपर्यंत खटपट केली. दक्षिणेचा पैसा अशा रीतीने, एका वळणाने का होईना, मराठीच्या विद्यापीठीय अध्यापनापाशी येऊन पोहोचला.

संस्थानिकांच्या औदार्यावर आपल्याकडे गौरवपर लेखन विपुल आहे, म्हणून येथे थोडक्यात. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१२ साली दोन लक्ष रुपये बाजूला काढून त्यांच्या व्याजातून गुजराती व मराठी ग्रंथमाला चालवण्याची व्यवस्था केली. एकाच निधीतून दोन भाषांत ग्रंथ निघावेत, ही कल्पना भाषावार प्रांतरचनेनंतरच्या कोणत्याही शासनाला सुचलेली दिसत नाही. १९१६ पासून गायकवाड ओरिएंटल सिरीज निघू लागली, तिचा पहिला ग्रंथ राजशेखराची ‘काव्यमीमांसा’. पण बडोद्याच्या साहाय्याचे सर्वांत बोलके उदाहरण १९१३ चे आहे. भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांकरिता मिळाली, परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. तेथील एका परिसंवादात १९१६ साली त्यांनी भारतातील जातींवर वाचलेला निबंध आज समाजशास्त्राच्या अभ्यासक्रमांत जगभर असतो. १९१७ साली ते कराराप्रमाणे बडोद्यास नोकरीवर हजर झाले तेव्हा त्यांना राहण्यास खोली मिळाली नाही. महाराजांच्या खजिन्याने जे दिले ते शहराने परत घेतले. अनुदानाच्या इतिहासात रकमेचा आकडा सापडतो, खोलीचा सापडत नाही.

अनुदानाला पर्याय म्हणून एक प्रयोग नागपुरात झाला आणि त्याची नोंद घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी राजाश्रय न मागता १९१६ साली नागपुरास मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार गोळा केले. ज्ञान हा धंदा म्हणून उभा राहू शकतो असा त्यांचा विश्वास होता. तेवीस खंड पुरे झाले, हे त्या विश्वासाचे यश. ‘माझे बारा वर्षांचे काम’ या पुस्तकात त्यांनी या उद्योगाचा इतिहास लिहून ठेवला आहे. कोशाच्या खंडांइतकेच ते पुस्तक जपून ठेवण्यासारखे आहे. कारण संशोधकाने आपल्या संशोधनाचा व्यवहार उघडपणे मांडण्याचे धैर्य मराठीत दुर्मिळ आहे. मात्र कोशानंतर केतकरांच्या वाट्याला सुस्थिती आली नाही. भागधारकांना ग्रंथ मिळाला. संपादकाची पुढची वर्षे कोणाच्याच ताळेबंदात नव्हती.

केतकरांच्या उलट टोकाला भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले ते औंधचे अधिपती बाळासाहेब पंत प्रतिनिधी यांच्या एक लक्ष रुपयांच्या आश्वासनावर. १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते कामाचा आरंभ झाला. नंतर मुंबई सरकार, केंद्र सरकार, इतर संस्थाने यांची साहाय्ये आली. निजाम सरकारचेही आले आणि संस्थेच्या आवारातील निजाम अतिथिगृह त्याची साक्ष देते. येथे मला लक्ष वेधावयाचे आहे ते पहिल्या सहा वर्षांकडे. १९२३ साली ना. बा. उटगीकरांनी विराटपर्वाची आवृत्ती काढली, ती संपादकांनी स्वतःच तात्पुरती म्हटली होती. ती विद्वानांकडे मतासाठी गेली, पद्धतीवर चर्चा झाली. १९२५ साली विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी पाठचिकित्सेची तत्त्वे नव्याने बसवली. आदिपर्वाचा पहिला भाग १९२७ साली निघाला, आदिपर्व पुरे झाले १९३३ साली. म्हणजे आरंभापासून चौदा वर्षांनी एक पर्व. सुखटणकर १९४३ साली निवर्तले, बेलवलकरांनी सूत्रे घेतली, त्यानंतर प. ल. वैद्यांनी. २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत समाप्ती जाहीर झाली.

आजच्या तीन वर्षे मुदतीच्या प्रकल्पाच्या चौकटीत हा इतिहास बसवून पाहावा. तिसऱ्या वर्षाअखेर, म्हणजे १९२२ साली, काही पोथ्या जमा झालेल्या, पाठभेदांचे तक्ते चालू, प्रकाशित काहीच नाही. पाचव्या वर्षी एक तात्पुरती आवृत्ती, जिची पद्धत पुढे बदलली. कोणत्याही मूल्यमापन समितीने ‘प्रगती असमाधानकारक’ असा शेरा मारून दुसरा हप्ता रोखला असता, आणि नियमांप्रमाणे ते बरोबरच ठरले असते. या आवृत्तीला वाचवले ते एखाद्या दूरदर्शी धोरणाने नव्हे. अनेक दाते होते, त्यांच्यातील कोणालाही एकट्याने काम बंद पाडता येत नव्हते, आणि कामाच्या पूर्ततेची तारीख कोणीही गंभीरपणे घेतली नव्हती. ही अव्यवस्था होती. महाभारत तिच्यामुळे पुरे झाले.

डेक्कन कॉलेजची कथा वेगळ्या प्रकारे उद्बोधक आहे. १९३४ साली मुंबई सरकारने काटकसरीसाठी हे कॉलेज बंद केले. येरवड्याची इमारत उभी राहिली होती सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीमुळे, आणि ती देणगी विशिष्ट हेतूने दिलेली होती. माजी विद्यार्थी न्यायालयात गेले. देणगीचा हेतू सरकारला आपल्या सोयीने संपवता येत नाही, हा त्यांचा मुद्दा सरकारला अखेर डावलता आला नाही. १७ ऑगस्ट १९३९ रोजी पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून डेक्कन कॉलेज पुन्हा उघडले. सु. मं. कत्रे, ह. धी. सांकलिया, इरावती कर्वे, त्र्यं. शं. शेजवलकर अशी माणसे एका छताखाली आली, ती या निकालामुळे. एका पारशी व्यापाऱ्याच्या दानपत्रातील शब्दांनी मराठी इतिहाससंशोधनाला, पुरातत्त्वाला आणि मानवशास्त्राला घर दिले. १९४८ साली तेथेच संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. सुमारे पंधराशे ग्रंथांतून चिठ्ठ्या काढल्या गेल्या, पहिला भाग १९७६ साली प्रसिद्ध झाला, आणि काम आजही चालू आहे, अजून वर्णमालेच्या आरंभीच आहे. याला विलंब म्हणावयाचे की वेळ, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा अनुदानाच्या राजकारणातील खरा प्रश्न आहे.

२८ डिसेंबर १९५३ रोजी मौलाना आझादांनी विद्यापीठ अनुदान आयोगाचे उद्घाटन केले. १९५६ साली त्याला कायद्याचा आधार मिळाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठात बुद्धदेव बसूंनी तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला. सामाजिक शास्त्रांसाठी १९६९ साली, इतिहासासाठी १९७२ साली स्वतंत्र परिषदा आल्या. साहित्यासाठी मात्र अशी संशोधन परिषद आली नाही. साहित्य अकादमी आहे, पण तिचे काम मुख्यतः प्रकाशनाचे, पुरस्काराचे आणि भाषांतराचे. म्हणजे पुन्हा दक्षिणा प्राइझ कमिटीच्याच वळणाचे. महाराष्ट्रापुरते, १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि या मंडळाने १९६९ साली फुल्यांचे समग्र वाङ्मय प्रसिद्ध केले. त्या आवृत्तीत ‘तृतीय रत्न’ नव्हते. पुढील आवृत्तीत ते आले. सरकारी निधीने नाकारलेले नाटक सरकारी निधीनेच अखेर ग्रंथात बसवले.

आता पद्मनाभपुरच्या परिसराकडे. हा सारा मुलूख अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. १९२३ साली नागपूर विद्यापीठ झाले तेव्हा रायपूर-दुर्ग त्याच्याच कक्षेत आले. त्या विद्यापीठाला डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने लक्षावधी रुपये ठेवले, पण ते उपयोजित विज्ञान व रसायन यांच्या शिक्षणासाठी. दानशूरांना प्रयोगशाळेची इमारत दिसते, शिलालेखाचा ठसा दिसत नाही. वा. वि. मिराशींनी छत्तीसगडातील रतनपूर शाखेसह कलचुरींचे सारे लेख वाचून १९५५ साली त्यांचा महाग्रंथ सिद्ध केला. त्यांच्या या दीर्घ व्यासंगाचा आधार कोणता? नागपूरच्या मॉरिस कॉलेजातील संस्कृतच्या प्राध्यापकाची नोकरी. मानव्यविद्यांतील संशोधनाचे सर्वांत मोठे अनुदान म्हणजे शिक्षकाचा पगार आणि शिकवून उरलेला वेळ, हे कोणत्याही आयोगाच्या अहवालात लिहिलेले नसले तरी प्रत्येक विभागात ठाऊक असते.

तो पगार काय देतो आणि काय देत नाही, याचे उदाहरण येथून तासाभराच्या अंतरावर आहे. राजनांदगावच्या राजघराण्याच्या वास्तूत दिग्विजय महाविद्यालय उघडले आणि १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध तेथे हिंदीचे प्राध्यापक झाले. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले कवी, स्वतःचे सारे मोठे लेखन हिंदीत. संपादन, आकाशवाणी, शाळामास्तरकी अशा ओढाताणीनंतर त्यांना येथे काही स्थैर्य लाभले आणि त्यांच्या अखेरच्या दीर्घ कविता याच काळातल्या. परंतु त्याच काळात त्यांनी उत्पन्नासाठी लिहिलेल्या भारताच्या इतिहास-संस्कृतीवरील पाठ्यपुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. पाठ्यपुस्तकाची मंजुरी हेही अनुदानच असते आणि ते काढून घेता येते. १९६४ साली ते गेले. पहिला काव्यसंग्रह त्याच वर्षी, मृत्यूनंतर, निघाला. खैरागडला, त्याच तेव्हाच्या दुर्ग जिल्ह्यात, राजघराण्याने १९५६ साली आपला महाल इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयास दिला आणि श्रीकृष्ण नारायण रातंजनकर तेथे कुलगुरू म्हणून आले. मराठी विद्वत्तेला या प्रदेशात आसरा मिळाला तो असा : हिंदी विभागात, संगीताच्या महालात, संस्कृतच्या वर्गात. मराठी या नावाखाली नव्हे.

याच्याही आधीचे उदाहरण माधवराव सप्रे यांचे. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ काढले. रामराव चिंचोलकर सहसंपादक, वामन बळिराम लाखे प्रकाशक. तिघेही मराठी, पत्र हिंदी. तोट्यामुळे तीन वर्षांत ते बंद पडले. पुढे सप्र्यांनी दासबोध हिंदीत नेला, टिळकांचे ‘गीतारहस्य’ १९१५ साली निघाल्यानंतर लवकरच हिंदीत आणले, चिं. वि. वैद्यांचा महाभारतावरील ग्रंथही. एका मराठी माणसाने हिंदी गद्याच्या घडणीच्या काळात केलेली ही भाषांतरे दोन्ही वाङ्मयांच्या इतिहासात मधल्या मोकळ्या जागेत पडली आहेत.

त्या जागेत मी एकदा अर्ज केला होता. सप्र्यांच्या दासबोधाची मुळाशी ओवीवार तुलना, ‘विवेक’, ‘प्रपंच’, ‘उपाधी’ अशा शब्दांचे हिंदीत जे झाले त्याचा अभ्यास, असा तो प्रस्ताव होता. एका निधिदात्या संस्थेने तो मराठीचा विषय म्हणून हिंदीच्या शीर्षातून परत केला. दुसऱ्या संस्थेने ग्रंथ हिंदी असल्याने मराठीच्या शीर्षाखाली विचार करता येणार नाही असे कळवले. दोन्ही पत्रे सौजन्यपूर्ण होती आणि आपापल्या नियमांत अचूक होती. तक्रार व्यक्तींविषयी नाही. भाषावार रचनेत दोन भाषांमधले काम निराधार पडते, एवढीच नोंद करावयाची आहे, आणि ही नोंद तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांना नवी वाटण्याचे कारण नाही.

बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर २०१७ साली योजनांचे पर्व संपले. महाविद्यालयीन शिक्षकांना आधार असलेले लघु व बृहत् संशोधन प्रकल्पही त्यांच्या जुन्या स्वरूपात उरले नाहीत. त्या लघु प्रकल्पांतून निकृष्ट काम पुष्कळ झाले, हे मी परीक्षक म्हणून पाहिले आहे. परंतु तालुक्याच्या गावातील अध्यापकाला चार महिने दप्तरखान्यात बसण्याचे, झेरॉक्सचे आणि प्रवासाचे पैसे देणारी दुसरी वाट नव्हती, आणि त्यांतल्या काही अहवालांत स्थानिक कागदपत्रांची अशी माहिती आहे जी अन्यत्र मिळत नाही. हे अहवाल बहुतेक छापले गेले नाहीत. ते कोठे ठेवले आहेत याची सूची कोणीतरी करावयास हवी, आणि ती करण्यास फार पैसा लागणार नाही. २०२३ च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाने मानव्यविद्यांना विज्ञानाशी त्यांचा जेथे सांधा असेल तेथे जागा दिली आहे. सांध्यापुरती जागा.

दरम्यान ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, अनेक वर्षे रेंगाळलेल्या प्रस्तावानंतर, कुसुमाग्रजांच्या नावाच्या मराठी केंद्राचे २४ जुलै २०२५ रोजी उद्घाटन झाले. महाराष्ट्राबाहेर, केंद्रीय विद्यापीठांत मराठीची अध्यासने ही आता केवळ मागणी राहिलेली नाही. अध्यासनाच्या निधीचे स्वरूप फेलोशिपचे असावे की पारितोषिकाचे, हा जुना प्रश्न मात्र प्रत्येक नव्या अध्यासनापुढे पहिल्याच वर्षी येतो. अभिजाततेच्या निधीचा ओघ प्राचीनतेकडे राहणार, म्हणजे ताम्रपट, शिलालेख, महानुभाव गद्य यांना तो मिळणार, आणि तो मिळावा. पण भोसलेकालीन छत्तीसगडच्या मोडी कागदांना, ज्यांत मराठीच्या वाक्यरचनेत छत्तीसगडी शब्द बसलेले असावेत अशी अपेक्षा आहे, ते प्राचीन ठरणार नाहीत आणि महाराष्ट्रातलेही ठरणार नाहीत. नागपूर आणि रायपूर या दोन्ही ठिकाणी बसून त्यांची यादी करावयाची तर मोडी आणि छत्तीसगडी दोन्ही जाणणारी दोन तरुण माणसे लागतील, पाच-सहा वर्षे लागतील, आणि पहिली तीन वर्षे दाखवण्यासारखे काही नसेल.

सप्र्यांच्या दासबोधाची तुलना मी स्वतःच्या खर्चाने चालू ठेवली आहे. चौदा दशके झाली आहेत. शब्दांच्या चिठ्ठ्या बुटांच्या खोक्यांत आहेत, अशी आठ खोकी भरली.